न्हावाशेवाचे दोन कंटेनर

एप्रिलमध्ये लेकाच्या हट्टापायी बीकेसीला मुंबई कॉमिक कॉनला गेलो होतो. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून रिक्षा. तिकिटाचा आकडा ऐकून आधी कुरकुर केली, पण दहावीचं वर्ष सुरू होण्याआधीची शेवटची मौज म्हणून कबूल झालो.

आत शिरल्यावर पोरगा एका काचेच्या कपाटापुढे जो थांबला तो हलेना. आत वीतभर, हातभर उंचीचे जपानी आणि अमेरिकन वीर उभे. कपड्याची चुणी न् चुणी, कपाळावरची शीर, सगळं हुबेहूब. मी म्हटलं, "बाहुल्या छान आहेत रे." त्याने माझा हात दाबला. "बाबा, हळू बोला. फिगर म्हणतात."

मंडळी, हसू नका. या एका शब्दावर जगात कंपन्या उभ्या राहिल्यात आणि कोर्टकचेऱ्याही झाल्यात. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने सैनिकाची कपडे बदलता येणारी बाहुली काढली, जीआय जो. मुलगे बाहुली घेणार नाहीत, म्हणून तिला 'ॲक्शन फिगर' म्हणायचं ठरलं. वस्तू तीच, नाव बदललं आणि खपली. पुढे २००३ साली टॉय बिझ नावाची कंपनी अमेरिकेच्या व्यापार न्यायालयात जिंकली. वाद असा होता की एक्स-मेनच्या फिगर माणसाच्या आहेत की नाहीत? माणूस असेल तर ती बाहुली, कर १२ टक्के. माणूस नसेल तर नुसतं खेळणं, ६.८ टक्के. म्हणजे ज्या वीरांच्या गोष्टीत "आम्हीही माणसंच आहोत" हा टाहो आहे, त्यांनाच कंपनीने चार पैसे वाचवायला माणसांतून उठवलं. चाहते भडकले, ते काही उगाच नाही.

आपल्याकडे ही वस्तू आली कशी? माझ्या पिढीला आठवेल, दूरदर्शनवर ही-मॅन लागायचा. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल काढली. आपल्या शेजारी गोव्यातही तिचा कारखाना झाला. लोखंडी साचा हा या धंद्यातला सगळ्यात महाग ऐवज. तो दर वेळी नवा कोण करणार? म्हणून हॅस्ब्रोचेच साचे वापरून जीआय जो निघायचे, रंग मात्र कधीकधी भलतेच. गंमत म्हणजे त्याच भलत्या रंगांपायी आज परदेशातले संग्राहक फनस्कूलचे जीआय जो शोधत फिरतात. माझ्याकडे दोन होते. एकाचा अंगठा तुटला, दुसरा दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत उभा केला होता, तो पावसाळ्यात कुठे वाहून गेला देव जाणे.

किल्ल्यावरून आठवलं. फिगर मांडून ठेवायची आणि लोकांनी रांग लावून बघायची, हे आपल्याला नवीन आहे का हो? गणपतीत आपण त्याला देखावा म्हणतो. पुण्यात भाऊ रंगारींचा गणपती १८९२ पासूनचा. राक्षसाला मारतानाची, लाकूड आणि भुसा वापरून केलेली ती मूर्ती आजही तीच आहे, दरवर्षी नवी करत नाहीत. मूर्तीला मी खेळणं म्हणत नाहीये, गैरसमज नको. पण घडवणाऱ्या हाताचं काम दोन्हीकडे एकच असतं, एवढंच सांगतोय.

आता आपल्या अंगणात येऊ. मी वीसेक वर्षं उरण-पनवेल पट्ट्यात बातमीदारी करतोय. न्हावाशेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. (शेवा कोळीवाड्याच्या पुनर्वसनाचं घोंगडं अजून भिजतंय, पण तो विषय वेगळ्या पोस्टचा.) चीनची खेळणी येण्याचा हा मोठा दरवाजा. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचा आयात कर २० वरून ६० टक्के झाला, २०२३ ला ७०. मधे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ ला ३३.२ कोटी डॉलरची खेळणी आली होती, २०२२-२३ ला १५.९ कोटी. निम्म्याहून कमी.

त्या नियमात खेळण्याची व्याख्या आहे, १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. आणि पोराने दाखवलेल्या जपानी डब्यावर काय छापलेलं? वय १५ आणि पुढे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, हे खेळणं आहे की नाही? अमेरिकेत माणूस की नाही यावर अडलं होतं, इथे वयावर. सामान्य गिऱ्हाइकाला एवढंच कळतं की चार हजारांची वस्तू घरी येईपर्यंत सात हजारांची होते. मी स्वतः एकदा भरलेत. वाढदिवस होता, काय करता.

आता याच बंदरातून उलट बाहेर काय जातं? पेणचे गणपती. गणेश चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, मॉरिशसचे कंटेनर भरले जातात. हमरापूर, कळवे, जोहे, तांबडशेत, दादर. या गावांतून गाडी चालवा, घराघरात कारखाना दिसेल. ओटीवर मूर्ती, माडीवर मूर्ती, झोपायला जागा नाही. शाडू गुजरातमधून येतो, साच्यात हाताने दाबून भरतात. पीओपी असेल तर रबरी साच्यात ओततात. मग वाळवणं, घासणं, रंगाचा फवारा, आणि सगळ्यात शेवटी आखणी. डोळे आखणाऱ्याचा मान वेगळा. तो आला की कारखान्यात आवाज खाली येतो.

आणि कॉमिक कॉनच्या कपाटातली फिगर कशी होते? आधी एक नमुना घडवायचा, त्याचा साचा काढायचा, त्यात रेझिन किंवा प्लास्टिक भरायचं, सांधे घासायचे, रंगवायचं. डोळे मात्र कारखान्यात बहुधा शिक्क्यासारखे छापतात. म्हणजे पेणचा माणूस जे हाताने करतो ते तिथे यंत्र करतं.

मग बीकेसीत मला पेणचं एकही टेबल का दिसलं नाही? मी दोन चकरा मारल्या. आपल्याकडच्या तरुण पोरांची काही छोटी टेबलं होती, थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या वस्तूंची. कौतुक वाटलं. पण बहुतेक वीर परक्यांचेच, आणि परवानगीचं विचारलं की पोरं विषय बदलायची.

जपानमध्ये या गोष्टीवर तोडगा निघालाय. तिथे वंडर फेस्टिव्हल नावाची जत्रा भरते, १९८० च्या दशकापासून. हौशी माणसं घरी रबरी साच्यात रेझिन ओतून फिगर करतात आणि तिथे टेबल लावतात. पात्र दुसऱ्याच्या मालकीचं, मग? जत्रेपुरती, फक्त त्या दिवसाची परवानगी मिळते. आधी अर्ज करायचा, नमुना दाखवायचा, ठरलेले पैसे भरायचे. दिवस संपला, परवानगी संपली. आज जगभर नावाजलेले तिथले कितीतरी कारागीर अशा टेबलांवरून वर आलेत. आपल्याकडे फास्टर फेणेची फिगर मी आजवर कुठल्या दुकानात पाहिली नाही. सायकलवरचा बन्या, वीतभर उंचीचा. किती जणांनी घेतला असता, तुम्हीच सांगा.

पेणला याची गरज आहे, म्हणून एवढं लांबण लावलं. १२ मे २०२० च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमावलीपासून पीओपीवर टांगती तलवार होती. २०२५ साली माघी गणपतीच्या तोंडावर हायकोर्टाने बडगा उगारला. मग काकोडकर समितीचा अहवाल आला, ९ जूनला कोर्टाने मूर्ती करायला, विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. मधले चार महिने या गावांनी कसे काढले ते मी पाहिलंय. पाण्याची बाजू खरी आहे, मी पीओपीचा वकील नाही. पण एकाच सणावर आणि एकाच मालावर अख्खं गाव उभं असलं की असंच होतं. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना खेळण्यांच्या आयएसआय शिक्क्यातून सूट आहे, हेसुद्धा तिथे मी विचारलेल्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात लेकाला घेऊन हमरापूरला गेलो. त्याने ती सात हजारांची फिगर बरोबर घेतली होती. ओळखीचे एक काका आहेत, आखणीत केस पांढरे झालेले. त्यांनी चष्मा वर केला, फिगर उलटी केली, काखेत नख फिरवलं. "रेघ घासली नाय नीट," म्हणाले. मग बराच वेळ डोळे बघत राहिले. किंमत ऐकल्यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "ह्ये वर्षभर इकतं का?"

"हो, वर्षभर," पोरगा म्हणाला.

"दोन दिस ठेव माझ्याकडं."

लेक ती फिगर घरात मलासुद्धा हाताळू देत नाही. तिथे ठेवून आला. परवा फोन केला होता, काका म्हणाले अजून बघतोय, घाई हाय का?