परदेशी वास्तव्य आणि ऐपतीचा दाखला

सुप्याचे नाव घेतले की इतिहासाच्या वाचकास शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे आठवते. ते बारामतीकडचे. मला आज आरंभ करावयाचा आहे तो नगर-पुणे रस्त्यावरच्या, पारनेर तालुक्यातल्या सुप्यापासून. या बाजूस पाऊस बेताचा. म्हणून कित्येक घरांतून एखादा कर्ता मुलगा मुंबईची वाट धरीत आला. त्याला कोणाचा परवाना लागला नाही. गाडीभाड्यापुरते पैसे आणि गाववाल्याच्या खोलीत पथारीपुरती जागा, एवढ्यावर त्याचे भागे. समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला मात्र परक्या दारात एक प्रश्न ऐकावा लागतो: ‘येथे राहून तू पोट कशावर भरणार?’ प्रश्न रास्त आहे. परंतु तो कोणाला विचारावयाचा आणि त्याचे कोणते उत्तर खरे मानावयाचे, हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती त्या माणसाचे भवितव्य असते.

पहिले उदाहरण याच तालुक्यातले आहे. सेनापती पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली पारनेरला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १९०४ साली ते मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रविद्या शिकण्यास गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडने परकीयांसंबंधी कायदा केला आणि निर्वाहाचे साधन नसणाऱ्या परक्यास परत पाठविण्याचा अधिकार आपल्या अंमलदारांना दिला. बापटांना तो कायदा लागू नव्हता. हिंदी माणूस बादशहाचा प्रजाजन. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो परका नव्हताच! राहण्याचा हक्क पदरात होता; अडचण होती ती निर्वाहाची. ब्रिटिश राज्यावर टीका करणारे भाषण त्यांनी केले आणि शिष्यवृत्ती गेली. हक्क शाबूत राहिला, भाकरी गेली. तेव्हा श्यामजी कृष्णवर्मा यांच्या मंडळींचा आणि लंडनच्या इंडिया हाउसचा आसरा त्यांना मिळाला. पॅरिसहून बाँबची विद्या मिळवून १९०८ साली ते स्वदेशी परतले. ज्याच्या निर्वाहाची दोरी दुसऱ्याच्या हाती असते, त्याचा राहण्याचा हक्क त्याला फार काळ तारीत नाही, हे या प्रसंगात दिसते.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस पोहोचले. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले. त्यांच्यापाशी कष्टाची ताकद होती, पण हक्क नव्हता. जो माणूस सरकारी निधीवर भार होईल असे वाटते त्याला उतरू देऊ नये, असे कलम अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यात होते. १९१० च्या सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावरचे अंमलदार हेच कलम हिंदी मजुरांवर सर्रास चालवू लागले. धडधाकट, शेतात राबणारा माणूस भार कसा होईल? त्यांचा युक्तिवाद असा की, येथे हिंदी माणसाविरुद्ध लोकमत तापलेले आहे, त्याला काम मिळणार नाही, आणि काम मिळाले नाही म्हणजे तो भार होणार! काम न देणारे निराळेच राहिले, दोष मात्र काम मागणाराच्या कपाळी आला. १९१७ साली ही आडवाटही उरली नाही. नव्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भागच बंद केला.

कॅनडाने हेच काम आकड्यांत केले. १९०८ साली तेथे दोन हुकूम निघाले. मायदेशातून वाटेत न थांबता एकाच प्रवासात आलेल्यालाच उतरू द्यावे, हा एक. आणि आशियातून येणाऱ्यापाशी २०० डॉलर असावेत, हा दुसरा. युरोपातून येणारास याहून पुष्कळ कमी रक्कम पुरे होई. त्या वेळच्या दराने २०० डॉलर म्हणजे सहाशे रुपयांहून अधिक. एकदा एखाद्याने तेवढे जमविले, तरी हिंदुस्थानातून कॅनडास थेट तिकीट मिळण्याची सोयच ठेवली नव्हती. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला गेले, आणि पूर्वी तेथे राहून आलेले थोडे लोक वगळता बाकीच्यांना दोन महिने बंदरात अडकवून परत लोटण्यात आले.

खानखोज्यांना शेवटी जागा दिली ती मेक्सिकोने. १९२४ च्या सुमारास ते तेथे गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, आणि मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ऐपतीचा दाखला म्हणून त्यांच्यापाशी थैली नव्हती. त्या देशाच्या शेतकऱ्याला उपयोगी पडणारी विद्या होती. तेथे ती मोजली गेली. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास येऊन राहिले. हे दोघे पांडुरंग १९६७ या एकाच वर्षी निवर्तले.

आता कोणी म्हणेल, हा सगळा पारतंत्र्याचा प्रताप. पण स्वातंत्र्यानंतरचा प्रकारही विचार करण्याजोगा आहे. इंग्लंडने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांचा मुक्त प्रवेश बंद केला. त्यात ज्यांना सवलत राहिली, त्यांत नोकरीचा परवाना मिळालेले होते, विद्यार्थी होते, आणि नोकरीधंदा न करता स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह चालवू शकणारे लोकही होते. म्हणजे स्वतःच्या मिळकतीवर राहणाऱ्या पाहुण्यास दार उघडे. परंतु आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई. त्या दशकात इंग्लंडला जाणाऱ्याला अवघे तीन पौंड बरोबर नेता येत. तिकडचा कायदा पैसा दाखव म्हणे, इकडचा पैसा नेऊ नको म्हणे. घरी वाडा व बागाईत असलेला माणूसही परक्या दारात कफल्लकच ठरे. त्याची ऐपत मग कोणा नातलगाच्या हमीपत्रावर अवलंबून राही.

आज चित्र पालटले आहे. २००४ साली रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मोकळीक दिली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. स्पेन, पोर्तुगाल यांसारखे देश नियमित उत्पन्नाचा पुरावा देणाऱ्या परक्यास वास्तव्याचा परवाना देतात. ज्याच्यापाशी निवृत्तिवेतन किंवा भाडे येते त्याला हा मार्ग मोकळा. ज्याच्यापाशी केवळ दोन हात आहेत त्याच्यासाठी जुनाच प्रश्न, जुन्याच कडकपणाने.

आणि सुपा? तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिचा एक भाग जपानी कंपन्यांसाठी राखला गेला. नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाला भारत सरकारही आता किमान पगाराची अट घालते. दारात उभे राहून प्रश्न विचारण्याची पाळी आपल्यावर आली आहे. आलेल्या माणसाने आपला भार आपण उचलावा, असे कोणत्याही देशाने म्हणणे वावगे नाही. पण ज्याला काम करू द्यायचे नाही त्यालाच ‘तुझे पोट कसे भरणार?’ असे विचारणे हा हिशेब खोटा आहे. हिंदी मजुराने तो खोटा हिशेब सोसला आहे. म्हणून तो आपल्या दफ्तरात शिरणार नाही याची खबरदारी आपणच घेतली पाहिजे.