मिरीची सोबत

पुण्याची मंडई १८८६ सालची. तिच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत सुंठ, मिरी व पिंपळी यांचें त्रिकटु आजही मिळतें. वैद्य तें अनेक योगांत घालीत. आम्हीं मात्र त्यास केवळ पाचक मानिलें. १९७९ सालीं जम्मूच्या प्रयोगशाळेंत डॉ. अटल यांनीं दाखविलें कीं, या सोबतीनें इतर औषधें रक्तांत अधिक पोहोंचतात. १९९८ सालीं बंगळुरास २ ग्रॅम हळदसत्त्वाबरोबर मिरीचें २० मिलिग्रॅम सत्त्व दिलें, तेव्हां रक्तांत पोहोंचणारें हळदसत्त्व सुमारें वीसपट झालें. आंतड्याची भिंत व यकृत औषधाचें रूप पालटून त्यास बाहेर घालवितात. मिरी तें कार्य मंदावते. मात्र त्यामुळें दुसऱ्या एखाद्या औषधाची मात्राही नकळत वाढते. म्हणून पूर्वजांचें ज्ञान आम्हीं हसण्यावारी नेऊं नये, आंधळेपणानें पूजूंही नये. मंडईंतल्या जिनसेप्रमाणें पारखून घ्यावें.