रानपिंगळा, एक खोटी चिठ्ठी आणि हौशी लोकांच्या नोंदी

पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी थिसिसमध्ये वापरता येतात का? पीएचडीचा विषय शोधणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. त्यामागची शंका उघड आहे. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या हौशी माणसांनी वहीत लिहिलेलं, त्यावर आपण विज्ञान कसं उभं करायचं? उत्तराआधी तुम्हाला एका छोट्या घुबडाची गोष्ट सांगते. ती बरीचशी आपल्या खानदेशातली आहे. आणि त्यात घोळ घातलाय तो एका नामांकित पक्षितज्ज्ञाने.

सुरुवात ॲलन ह्यूमपासून. हो, तोच, काँग्रेसच्या स्थापनेवरच्या दोन मार्कांच्या प्रश्नातला ह्यूम. या आयसीएस अधिकाऱ्याने १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. लिहिणारे आणि वाचणारे साधारण तेच लोक होते: जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले इंग्रज अधिकारी, ज्यांना पक्ष्यांचा नाद होता. कोणी काय पाहिलं, कुठे, कोणत्या महिन्यात, हे ते ह्यूमला कळवत आणि ह्यूम छापत असे. (त्या काळी ‘पाहिलं’ म्हणजे बहुतेक वेळा ‘मारून कातडं जपलं’ असं समजायचं.) ब्लुइट नावाच्या अशाच एकाने पाठवलेल्या नमुन्यावरून ह्यूमने १८७३ मध्ये रानपिंगळ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नावात आजही ब्लुइट आहे.

पुढे खानदेशात नेमलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८२ मध्ये याच नियतकालिकात पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली, आणि त्या दशकात रानपिंगळ्याचे काही नमुनेही जमवले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: जागा, तारीख, नाव. बस, एवढंच.

ह्यूमचं पुढे काय झालं तेही ऐकाच. भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्याने वर्षानुवर्षं टिपणं केली होती. १८८४-८५ च्या सुमारास शिमल्याच्या घरातून ती हस्तलिखितं चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. ह्यूमने पक्ष्यांचा नादच सोडला आणि कातडी, अंडी मिळून ८० हजारांवर नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. घरात जपलेलं गेलं. जे छापून लोकांच्या हाती पोचलं होतं, ते मात्र राहिलं.

त्याच सुमारास मुंबईत आठ माणसं एकत्र आली होती. १५ सप्टेंबर १८८३. आठांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. महिन्यातून एकदा भेटायचं, आपल्याकडचे नमुने दाखवायचे, निरीक्षणं सांगायची, असा बेत. हीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस. तिचं जर्नल १८८६ पासून निघतंय. इतिहासात सोसायटीच्या संग्रहाचं कौतुक जास्त होतं. मला त्या मासिक बैठका जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण तुम्ही काय पाहिलं ते चारचौघांसमोर सांगायचं म्हटलं की ‘कशावरून?’ हा प्रश्न येणारच.

आता रानपिंगळ्याकडे. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी होती. त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर मात्र १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी असं लिहिलेलं. हा नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगनचा: लष्करी अधिकारी, नावाजलेला पक्षितज्ज्ञ, हजारो नमुन्यांचा धनी. अशा माणसाला ‘कशावरून?’ कोण विचारणार! त्यामुळे सगळ्यात अलीकडची नोंद मांडवीची, असं पुस्तकांत बसलं. आणि पक्षी काही सापडेना.

१९९३ मध्ये ॲलन नॉक्सने या कर्नलच्या संग्रहातल्या दुसऱ्याच पक्ष्यांच्या नमुन्यांत लबाडी असल्याचं दाखवलं. मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याचा तो नमुना तपासायला घेतला. इथे जरा थांबा, कारण पद्धत फार सुंदर आहे. कातडं जपणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो: आत काय आणि किती भरायचं, पंखाचा सांधा कसा सोडवायचा, टाका कुठे घालायचा. त्यांनी नमुन्याचे एक्स-रे काढले. वरून दुरुस्ती केलेली होती, पण आतला हात डेव्हिडसनचा निघाला! म्हणजे डेव्हिडसनचा १८८० च्या दशकातला नमुना म्युझियममधून चोरून, थोडा नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. हा निबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या जर्नलमध्ये आला.

पण शोध निबंधाच्या आधीच लागला होता. रासमुसेन यांनी मांडवी यादीतून काढून टाकली आणि ज्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, त्यांवरच्या जागा धरल्या. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत शोध घेताना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! (शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. जुन्या नोंदी वापरताना अशा सीमा सांभाळा.) पुढे मेळघाटातही तो सापडला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंख-शेपटीवर ठळक पट्टे, आणि दिवसाढवळ्या वावर. आपला नेहमीचा पिंगळा दिसायला जवळचाच, पण त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात.

डेव्हिडसनही हौशीच होता. त्याची नोंद टिकली, कारण ती पडताळता येत होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

मधली वर्षं भराभर सांगते. १९६० च्या सुमारास झफर फतेहअली यांनी ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ सुरू केलं. साधं सायक्लोस्टाइल पत्रक, त्यात देशभरातल्या लोकांची पत्रं आणि टिपणं. आता हे काम ई-बर्डवर होतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केलाय.

या नोंदींत ‘संपूर्ण यादी’ हा प्रकार आधी समजून घ्या. निरीक्षकाने ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील, तरच एखादी जात यादीत नाही म्हणजे ती त्याला दिसली नाही असं धरता येतं. फक्त दुर्मीळ पक्ष्यांचे फोटो टाकले, तर कावळा-चिमणीचं काय चाललंय ते कधीच कळणार नाही. २०२० च्या अहवालात चिमण्या देशभर साधारण स्थिर आणि मोठ्या शहरांत कमी होताना दिसल्या, ते नेहमीच्या पक्ष्यांचीही नोंद कंटाळा न करता ठेवणाऱ्यांमुळे.

आणि एक. डेटा उतरवून घेण्याआधी तुमच्या जिल्ह्यातल्या पक्षिमित्रांसोबत दोन-चार रविवार फिरा. कोणता तलाव गाडी थेट जाते म्हणून दर आठवड्याला मोजला जातो, कोणत्या माळाकडे कोणी फिरकतच नाही, आणि ‘हा खरंच तोच पक्षी का?’ असं मंडळात कोण हटकून विचारतं, हे कुठल्याही एक्सेल शीटच्या रकान्यात नसतं.