धूळपाटीवरचे गुरू

अभ्यासात थोड्या पुढे असलेल्या मुलाने मागच्या मुलाला हाताशी धरून शिकवावे, हा आज समाजसेवेचा एक नवा उपक्रम म्हणून मांडला जात असला, तरी हिंदुस्थानातील गावशाळांत ही प्रथा इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला भासली नव्हती. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत, म्हणजे एकाच शिक्षकाने ओसरीवर किंवा देवळात भरवलेल्या शाळेत, नवे मूल प्रथम धूळपाटीवर बसे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा काढायचे, असा तो क्रम होता, आणि पंतोजी वरच्या मुलांच्या मोडी कित्त्यांत व हिशेबांत गुंतलेले असत तेव्हा या नवख्याचे बोट धरून अक्षर गिरवून घेण्याचे काम एखाद्या थोरल्या मुलाकडे येई. संध्याकाळच्या परवच्यातही, म्हणजे पाढे आणि पावकी-निमकीच्या सामुदायिक घोकंपट्टीतही, एकाने पुढे सांगावे आणि बाकीच्यांनी मागून म्हणावे अशीच रीत होती.

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये पोर्तुगीज वकिलातीबरोबर गोव्याहून इक्केरीच्या नायकाकडे निघाला असता, वाटेत एका देवळाच्या ओवरीत त्याने चार मुले पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरून, अंक सुरात म्हणत म्हणत ती गणित शिकत होती आणि जवळ शिक्षक कोणीच नव्हता. चूक झाली तर दुरुस्त कोण करणार, असे त्याने विचारले तेव्हा चौघेही एकाच वेळी विसरणे शक्य नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. या उत्तरात अध्यापनशास्त्राचा एक अख्खा सिद्धांत दडलेला आहे, पण तो सांगणाऱ्या मुलांना त्याची गंधवार्ता नसावी.

हा सिद्धांत युरोपात पोहोचला तो मद्रासच्या वाटेने. एग्मोर येथे १७८९ मध्ये गोऱ्या सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक अनाथालय निघाले आणि त्याची देखरेख अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे आली. तेथील पगारी शिक्षकांना मुळाक्षरे शिकवणेही जड जात असताना, बेल याने एका मलबारी शाळेत मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि तीच युक्ती करण्याचा हुकूम दिला. शिक्षकांनी ते जमणार नाही असे सांगितले, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन या साधारण आठ वर्षांच्या सैनिकपुत्राला खालच्या वर्गावर बसवले, आणि मोठ्यांना न जमलेले काम या मुलाने करून दाखवले. पुढे वयाची बारा वर्षे पुरी होण्याआधीच त्याच्या व त्याच्या मदतनिसांच्या हाताखाली ९१ मुले होती. याच अनाथालयातील सतरा वर्षांचा विल्यम स्मिथ १७९४ मध्ये, ओलीस ठेवलेले टिपू सुलतानाचे मुलगे परत पोहोचवण्यास गेलेल्या इंग्रज वकिलातीबरोबर श्रीरंगपट्टणला गेला व त्याने सुलतानाला विज्ञानाचे प्रयोग करून दाखवले, यावरून ही मुले केवळ अक्षरे घोटवण्यापुरती नव्हती हे ध्यानात येते.

बेल याने आपला प्रयोग १७९७ मध्ये लंडनमध्ये छापला. जोसेफ लँकेस्टर या तरुणाने १७९८ मध्ये त्याच शहराच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढून जवळपास अशीच पद्धत चालवली. या शिकवणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीत ‘मॉनिटर’ म्हणत. मात्र येथून या पद्धतीचा स्वभाव पालटला. एका मास्तराने हजार मुले शिकवावीत असा लँकेस्टरचा दावा होता, आणि कारखान्यांच्या त्या काळात धनिकांना भुरळ पडली ती मुख्यतः या स्वस्ताईची. दहाएक मुलांमागे एक मॉनिटर, ठरलेले हुकूम, बक्षिसाच्या चिठ्ठ्या आणि चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका, अशा त्या कवायतीत वाळूवर टेकलेल्या दोन बोटांची जवळीक कोठे उरणार?

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८१४ च्या खलित्यात, ही पद्धत मूळ हिंदुस्थानी गुरुजींची असून बेल याने ती इंग्लंडात नेली, अशी उघड कबुली दिली आहे. तरीही पुढच्याच दशकात गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यात नव्या मराठी व गुजराती शाळा निघाल्या तेव्हा त्यांच्यासाठी लँकेस्टरची रीत विलायती सुधारणा म्हणून आणली गेली. पंतोजींच्या ओसरीवरून गेलेली वस्तू छापील नियमांत गुंडाळून परत आली, आणि ती ओळखण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. खुद्द इंग्लंडात मात्र ती फार टिकली नाही. १८४६ मध्ये तेथील सरकारने किमान तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षे पगारी उमेदवार-शिक्षक म्हणून नेमण्याची योजना आणली व बिनपगारी मॉनिटर हळूहळू मागे पडला.

मराठी शाळांत तो शब्द अजून आहे. शिक्षक वर्गाबाहेर गेले की उठून फळ्याजवळ उभे राहायचे आणि बोलणाऱ्यांची नावे खडूने लिहायची, एवढेच काम आता त्याच्याकडे उरले आहे.