असरोलचे मूळ आणि अजमलीनची कुपी

रक्तदाब हा शब्द आता घराघरांत झाला आहे. वडीलधारी मंडळी एकमेकांची खुशाली विचारताना 'बीपी किती?' हेही विचारून घेतात. पण या विकारावर गुण देणारे औषध जगभरच्या डॉक्टरांच्या हाती येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्या औषधाची वाट दिल्लीच्या करोलबागेतून आणि मुंबईच्या परळमधून गेली आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

सर्पगंधा हे एक लहानसे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या दमट रानापर्यंत ते उगवते. वैद्य त्याला सर्पगंधा म्हणतात, तर युनानी हकीम असरोल. बिहारात त्याच्या मुळीला लोक सरळ 'पागल की दवा' म्हणत. झोप न येणे, उन्माद, सर्पदंश अशा अनेक तक्रारींवर ती दिली जाई. सर्पदंशावर तिचा उपयोग होतो असे आजचे शास्त्र मानत नाही. झोप आणि उन्माद यांबाबत मात्र जुन्या लोकांची नजर अचूक होती. 'दवाउश्शिफा' या युनानी गोळीत असरोल आणि काळी मिरी हेच घटक असतात.

ही मुळी प्रयोगशाळेत नेली पाहिजे, असे वाटणारा माणूस हकिमांच्याच घराण्यात निघाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हकीम अजमलखान म्हणजे दिल्लीतील नावाजलेले हकीम, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती. करोलबागेतील त्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. आपली विद्या पूर्वजांची आहे म्हणून तिला तपासणी नको, असे हकीमसाहेबांनी कधी मानले नाही. त्यांना एक रसायनशास्त्रज्ञ हवा होता, आणि तो त्यांना सलीमुज्जमा सिद्दीकी यांच्या रूपाने मिळाला.

सिद्दीकी हे बाराबंकी जिल्ह्यातले. अलीगढला तत्त्वज्ञान व फारसी शिकले, वैद्यकासाठी लंडनला गेले आणि तेथून फ्रँकफर्टला जाऊन रसायनशास्त्रात रमले. चित्रकलेचाही नाद होता. १९२४ साली फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते! १९२७ साली डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि तिब्बिया कॉलेजच्या संशोधनशाळेचे काम त्यांनी हाती घेतले. हकीमसाहेब मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवर्तले.

१९३१ साली सलीमुज्जमा आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी असरोलच्या मुळांतून पाच अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. तीन पांढरी, दोन पिवळी. पांढऱ्यांना त्यांनी अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन अशी नावे दिली. ज्यांनी हे काम करवले त्यांचे नाव असे रसायनशास्त्राच्या पुस्तकात कायम झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते असे लिहिले. १९३३ साली कर्नल चोप्रा यांच्या मंडळींनीही तिचा अभ्यास पुढे नेला.

येथे एक चुटपुट लागते. मुळीचा मुख्य गुण ज्या द्रव्यात होता, ते या पाचांत नव्हतेच. स्फटिक वेगळे केल्यावर जो चिकट, राळेसारखा भाग उरतो, त्यात ते दडलेले होते. त्या भागाने झोप येते हे कलकत्त्याच्या संशोधकांनी १९४४ साली नोंदवलेही होते. पण त्यातून शुद्ध द्रव्य निघाले ते १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्याला रेसर्पीन हे नाव दिले. मुळी आपली, पहिले काम आपले, आणि शेवटचा घास दुसऱ्याने घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते पूर्ण खरे नव्हे, कारण मधला दुवा मुंबईचा आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना ही मुळी देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहिला. 'गुण येतो' हे शेकडो वर्षे सांगितले जात होते. किती येतो आणि किती जणांना येतो, हे आकड्यांत मांडल्यावर मग बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांच्यासारख्यांनी ती हाती घेतली. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हे औषध करते काय? मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा साठा भरलेला असतो. मेंदूचा हुकूम आला की पिशवी रिकामी होते, रक्तवाहिनी आवळते व दाब वाढतो. रेसर्पीन या गोदामात माल भरणेच बंद पाडते. हुकूम येतो, पण पाठवायला माल नसतो. रक्तवाहिन्या सैल राहतात. साठा हळूहळू संपतो म्हणून गुण यायला दिवस लागतात, आणि औषध थांबवल्यावरही परिणाम बराच काळ टिकतो.

त्या काळी रक्तदाब उतरवावा की नाही, यावरच डॉक्टरांत एकमत नव्हते. तो वाद अमेरिकेतील डॉ. फ्रीस यांच्या १९६७ च्या चाचणीने मिटवला. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना रेसर्पीनसह तीन औषधे आणि बाकीच्यांना निव्वळ दिखाऊ गोळी दिली गेली. दिखाऊ गोळीच्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाला, औषधाच्या गटात फक्त दोघांना. रक्तदाबाच्या गोळीचा आजचा सारा आग्रह या आकड्यांपासून सुरू होतो. आपल्याकडेही रेसर्पीन असलेली 'अडेल्फेन' गोळी पुष्कळांनी आजोबांच्या उशाशी पाहिली असेल.

औषधाला दुसरी बाजूही होती. नाक चोंदणे, सुस्ती, जठरातील आम्ल वाढणे, आणि काही रोग्यांत खोल खिन्नता. खिन्नतेचा संबंध वाटला तितका पक्का नाही, असे पुढे काही संशोधकांनी दाखवले, तरी भीती राहिलीच आणि नव्या गोळ्यांनी तिची जागा घेतली. म्हणून 'झाडपाला आहे, अपाय काय होणार' असे म्हणून बाजारातील मुळी आपल्या मनाने घेणे हा शुद्ध अविचार होय. गंमत अशी की दोषातूनही विद्या निघाली. १९५७ साली स्वीडनचे कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. कंपवाताच्या उपचाराचे दार त्यातून उघडले; कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

आणि अजमलीन? ते रक्तदाबाचे औषध ठरलेच नाही. ते हृदयाच्या पेशींतील सोडियमचा मार्ग रोखते, म्हणून हृदयाचा बिघडलेला ठेका सुधारण्यासाठी वापरले गेले. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी तरुण माणसाला अचानक मृत्यू आणणारा एक विकार वर्णन केला. त्याची खूण ईसीजीत नेहमी दिसत नाही. ती उघड व्हावी म्हणून युरोपातील रुग्णालयांत संशयित रोग्याच्या शिरेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली अजमलीन सोडतात आणि ईसीजीच्या कागदावर नजर ठेवतात. घरात कोणी तरुण असा अचानक गेला असेल, तर त्याच्या भावाबहिणींचीही ही तपासणी होते. दिल्लीच्या हकिमाचे नाव त्या कुपीवर छापलेले असते.