रेडिओच्या पाठीवरचा ॲम्प्लिफायर

१/ कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात एखाद्या वाड्याच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला, तर आधी त्याची पाठ पाहावी. ‘पिकअप’साठीची दोन छिद्रे तेथे पुष्कळदा असतात. स्वतंत्र ॲम्प्लिफायर परवडत नसे. ग्रामोफोनच्या पिकअपची वायर या छिद्रांत खोचली की रेडिओच तबकडी वाजवी. मध्यमवर्गाचा हाच ‘हाय-फाय’!

२/ बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने जर्मेनियमचे सुटे भागही बनवले. व्हॉल्व्ह स्वदेशी झाला, तोच त्याचा वारस दारात उभा राहिला.

३/ आज असा संच सुधारताना हौशी माणूस प्रथम नवे व्हॉल्व्ह विकत घेतो. ही घाई महागात पडते. जुने कागदी कपॅसिटर गळू लागले की शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. ‘ईएल ८४’ व्हॉल्व्ह आजही मिळतो. त्या संचाचा मूळ ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण. म्हणून स्वस्त कपॅसिटर आधी बदलावेत.

४/ मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ‘एसी-डीसी’ संचांची गोष्ट निराळी. त्यांची चेसिस थेट घरच्या विजेशी जोडलेली असते. त्या छिद्रांत मोबाइलची वायर खोचणे जिवावर बेतू शकते.