संगणक जुना झाला, हे कोण ठरवते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी जगातल्या एकाही संगणकातली चिप त्यामुळे बिघडली नाही. तरीही शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्यांमधले असंख्य चालू संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मंजूर यादीतला प्रोसेसर आवश्यक असतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून बाजारात आलेल्या प्रोसेसरांपासून सुरू होते. वैयक्तिक वापरकर्त्यांना सुरक्षा-सुधारणांसाठी एका वर्षाची वाढीव मुदत मिळाली. पण यंत्राचे आयुष्य कोण ठरवतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. भारतात या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो जवळजवळ तीन दशकांचा आहे.

प्रथम भौतिकशास्त्राची बाजू पाहू. संगणकाचे ठोके क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतात. दहा वर्षांत त्या कंपनांच्या वारंवारतेत पडणारा फरक दशलक्षांत काही थोड्या भागांइतकाच असतो. म्हणजे वयोमानाने प्रोसेसर मंदावत नाही. धारित्रे सुकतात, पंख्यात धूळ साचते, हार्ड डिस्क झिजते, मदरबोर्डवरचा छोटा सेल संपतो. पण हे भाग बहुधा बदलता येतात. संगणक मंद वाटतो तो मुख्यतः त्याच्यावरचे ओझे वाढल्यामुळे. नव्या सॉफ्टवेअरला रॅम पुरेनाशी झाली की कार्यप्रणाली स्मृतीतली काही पाने हार्ड डिस्कवर हलवते. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवर ती शोधायला साधारण १० मिलिसेकंद. हा फरक एक लाख पटींचा आहे. त्याच यंत्रावर कमी स्मृती मागणारी कार्यप्रणाली बसवली की डिस्ककडे होणाऱ्या या खेपा कमी होतात आणि यंत्र पुन्हा चपळ वाटू लागते. यात चमत्कार काही नाही, हिशेब आहे.

अशी पर्यायी कार्यप्रणाली सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती लिनक्समुळे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये इंटेल ३८६ प्रोसेसरच्या आपल्या संगणकासाठी तिचा गाभा लिहिला आणि त्याचा सोर्स कोड खुला ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली आणि एक पूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळच्या दूरध्वनी-जोडणीवरून शेकडो मेगाबाइट उतरवून घेणे बहुतेकांना परवडण्यासारखे नव्हते. ही अडचण एका मासिकाने सोडवली. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढे हा उपक्रम चालू ठेवला. बंगळुरूचे अतुल चिटणीस हे त्यामागचे एक प्रमुख नाव. जे एरवी परदेशातल्या सर्व्हरवर अडकून पडले असते, ते अंक विकत घेणाऱ्या वाचकाच्या टेबलावर आले. अनेक शहरांत लिनक्स वापरकर्त्यांचे गट जमू लागले. सीडी एकाने दुसऱ्याला देणे ही तिथे चोरी नव्हती. परवान्यानेच ती मुभा दिलेली होती.

तरीही एक भीती उरत होती. नवी प्रणाली बसवताना डिस्कचे भाग पाडावे लागत, आणि एका चुकीत सगळी जुनी माहिती पुसली जाई. घरात किंवा विभागात एकच संगणक असलेल्या माणसाला हा धोका परवडत नसे. सन २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘नॉपिक्स’ प्रसिद्ध केले आणि ‘लाइव्ह सीडी’ची कल्पना सर्वदूर पोहोचली. यात संपूर्ण प्रणाली दाबून सीडीवर ठेवलेली असते. संगणक सुरू होताना गाभा सीडीवरून रॅममध्ये येतो आणि हार्ड डिस्कला हात न लावता काम सुरू होते. आवडले नाही तर सीडी काढावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. आज सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे, तत्त्व तेच आहे.

या सोयीचा अर्थ भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी लवकर ओळखला. नवी दिल्लीतील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात २००४ मध्ये ‘फिनिक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. अजितकुमार बी. पी. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला जोडता येणारे, अल्प खर्चाचे मापन-उपकरण तयार केले; त्याच वाटेवर पुढे ‘एक्स्पआइज’ हे उपकरण आले. त्याची प्रणाली पायथन भाषेत लिहिलेली आणि सर्वांसाठी खुली आहे. लाइव्ह सीडीवरून सुरू केलेला साधा संगणक त्यामुळे दोलनदर्शक बनू शकला. धारित्राचे विसर्जन, वेटोळ्यातून पडणाऱ्या चुंबकाने निर्माण होणारे विद्युतदाब, ध्वनीचा वेग हे सारे ज्या महाविद्यालयाकडे महागडी उपकरणे नाहीत तिथेही मोजता येऊ लागले.

सर्वांत मोठा प्रयोग मात्र केरळमध्ये झाला. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाच्या शिफारशींनंतर तिथे २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी जुलैत तिरुवनंतपुरममध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत भारतीय मुक्त सॉफ्टवेअर संस्थेची स्थापना झाली. शालेय अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या उत्पादनांना बांधला जाऊ नये, असा आग्रह शिक्षकांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी धरला. काही वर्षे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी चालले, आणि २००८ च्या सुमारास दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आली.

हा बदल केवळ सीडी वाटून झाला नाही. शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे लागले. मल्याळम अक्षरे पडद्यावर नीट उमटावीत यासाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वतंत्र मल्याळम कंप्यूटिंग’सारख्या गटातील स्वयंसेवकांनी टंक आणि जोडाक्षरांच्या मांडणीवर वर्षानुवर्षे काम केले. २०१७ मध्ये ‘काइट’ या नावाने पुनर्रचित झालेल्या संस्थेने २०१९ मध्ये उबुंटूवर आधारलेली आपली नवी आवृत्ती २ लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी आणली आणि परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे जाहीर केले. बचतीचा आकडा हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे बदलू शकेल. वादातीत गोष्ट ही, की कोणती प्रणाली कधी बदलायची याचा निर्णय शिक्षण खात्याच्या हाती आला.

केंद्र सरकारच्या पातळीवर सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांना सामावणारी ‘बॉस’ प्रणाली आणली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली ‘माया’ स्वीकारल्याचे वृत्त आले. तिथे प्रश्न पैशांपेक्षा सुरक्षेचा होता. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पामुळे लिनक्सचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळू लागले.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्मले, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र गाभा आणि स्थापना-साधन उरलेले नाही. मुक्त सॉफ्टवेअरही जुन्या यंत्रांना सोडून देते, कारण ती सांभाळायला माणसे आणि वेळ लागतो. शिवाय एखादा प्रिंटर, एखादी डिजिटल स्वाक्षरीची किल्ली किंवा कचेरीतली एखादी प्रणाली केवळ विंडोजवरच चालते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. घाईने प्रणाली बदलून ती कपाटात परत गेलेली उदाहरणे कमी नसतील.

फरक आहे तो निर्णयाच्या उघडेपणात. डेबियनने ३२-बिट संगणक सोडले, तेव्हा त्याची कारणे सार्वजनिक चर्चेत मांडली गेली. जुना कोड सर्वांना उपलब्ध राहिला, आणि कोणाला तो पुढे न्यायचा असेल तर मनाई नाही. बंद प्रणालीत ही वाट परवान्यानेच बंद असते. लॅपटॉपच्या संपूर्ण आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरण्यापूर्वी, कारखान्यातच खर्ची पडलेला असतो. म्हणून वापराचे प्रत्येक वाढीव वर्ष मोलाचे ठरते.

येत्या काळात अनेक महाविद्यालये आपले संगणक भंगारात काढण्याच्या फायली तयार करतील. त्या फायलीवर सही होण्यापूर्वी एक पेन ड्राइव्ह लावून अर्धा तास तपासणी करता येते: यंत्र सुरू होते का, जाळे जोडले जाते का, प्रयोगशाळेचे काम त्यावर भागते का. माहितीची प्रत आधी काढून ठेवली, तर या तपासणीत गमावण्यासारखे काही नाही. उत्तर ‘नाही’ आले तर यंत्र नियमानुसार पुनर्वापर केंद्राकडे जावे. पण ते उत्तर यंत्राकडून मिळालेले असावे; एखाद्या कंपनीच्या दिनदर्शिकेवरून नव्हे.